नागपूर ते ताडोबा : गाडी तीन दिवस ठेवावी की फक्त सोडायला-आणायला घ्यावी?

प्राजक्ता_के

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ताडोबाला जायचं ठरलं आहे. पुण्याहून विमानाने नागपूर, पुढे भाड्याची गाडी. आम्ही सात जण आहोत : चार मोठे, सासू-सासरे (दोघंही सत्तरीच्या पुढचे) आणि नऊ वर्षांची मुलगी. मुक्काम कोलारा गेटजवळ, दोन रात्री.

सफारी अशा : दुसऱ्या दिवशी सकाळी कोलारा, तिसऱ्या दिवशी सकाळी मोहर्ली (कोलाऱ्याची जागा मिळाली नाही म्हणून). दोन्हीकडे दोन-दोन जिप्सी. पहिल्या दिवशी विमान साडेअकराला नागपूरला उतरतं, तर त्या दुपारचीही एक घ्यावी का असा विचार चालू आहे. परतीचं विमान तिसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनचं.

गाडीचे दोन पर्याय समोर आले आहेत. एक जण एकच इनोव्हा तीन दिवसांसाठी देतो : दिवसाला किमान ३०० किमी, शिवाय ड्रायव्हर भत्ता आणि टोल वेगळा. दुसरा म्हणतो, "घरची एर्टिगा आहे, बरीच स्वस्तात सोडतो." मुलगी मांडीवर बसेल, त्यामुळे सात जण एका गाडीत मावतील असं दोघांचंही म्हणणं.

१) गाडी तीन दिवस सोबत ठेवणं गरजेचं आहे का?
२) सात जण एका गाडीत चालतील का?
३) वेळेचं गणित कुठे चुकतंय का?

---

पळसबन

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. गाडी ठरवायच्या आधी गेट पक्कं करा. कोलारा आणि मोहर्ली ही एकाच जंगलाची गेटं असली तरी जंगलाच्या दोन टोकांना आहेत. आतून एका गेटाने शिरून दुसऱ्याने बाहेर पडायची पर्यटकांच्या गाडीला मुभा नाही. बाहेरून जायचं म्हणजे कोलारा, चिमूर, वरोरा, भद्रावती आणि तिथून आत वळून मोहर्ली. हा वळसा शंभर-सव्वाशे किलोमीटरचा, अडीच ते तीन तासांचा. एप्रिलमध्ये सकाळची फेरी साडेपाचच्या सुमारास सुटते आणि गेटवर त्याआधी अर्धा तास हजर राहावं लागतं. म्हणजे कोलाऱ्याहून रात्री दोनला निघायचं, तेही बफरमधल्या (कोअर म्हणजे गाभ्याचं जंगल, बफर म्हणजे त्याभोवतीचा पट्टा) अंधाऱ्या रस्त्याने आणि सत्तरीच्या माणसांना घेऊन. हे करू नका.

यातून सुटायचे दोन रस्ते आहेत.

पहिला : तिसऱ्या दिवसाची मोहर्ली सोडून कोलाऱ्याच्या बाजूचंच दुसरं गेट बघा. कोअरमध्ये नवेगाव गेट चिमूरच्या बाजूचं आहे. कोअर मिळालं नाही तर मदनापूर, अलिझंझा ही बफरची गेटं जवळ आहेत. बफर म्हणजे दुय्यम जंगल असा अनेकांचा समज असतो, तो सोडून द्या. वाघ कोअरची हद्द पाळत नाहीत आणि या बफरमध्ये ते नेहमी दिसतात. ज्येष्ठांसाठी जवळचं गेट आणि तासभर जास्त झोप यांची किंमत मोठी आहे.

दुसरा : मोहर्लीच हवं असेल तर दुसरी रात्र मोहर्लीला हलवा. सकाळची कोलाऱ्याची सफारी, जेवण, मग ऊन उतरायच्या बेताला चिमूर-वरोरा मार्गे निघून अंधाराआधी मोहर्ली. वाटेत वरोऱ्याला आनंदवन आहे. बाबा आमट्यांचं काम मुलीला दाखवायचं असेल तर एक तास तिथे ठेवा आणि तेवढं आधी निघा. या पर्यायात दुसऱ्या दिवशीही गाडी लागते, त्यामुळे भाड्याचा हिशेब बदलतो.

पहिल्या दिवशी दुपारची सफारी घेऊ नका. साडेअकराला विमान टेकलं तरी सामान घेऊन गाडीत बसेपर्यंत सव्वाबारा होतात. कोलारा सुमारे ११० किमी, न थांबता अडीच तास; जेवायला थांबलात तर सव्वातीन. दुपारची फेरी तोवर सुटलेली असते, आणि उशिरा पोचणाऱ्यासाठी गेट थांबत नाही, पैसेही परत मिळत नाहीत. विमान तासभर लेट झालं तर बोलायलाच नको.

परतीचं साडेतीनचं विमानही अंगावर येणारं आहे. सकाळची फेरी साडेनऊच्या पुढे संपते. मुक्कामी येणं, अंघोळ, नाश्ता, सामान धरून साडेअकरा. कोलाऱ्याहून विमानतळ पावणेतीन-तीन तास धरा. विमान पाचच्या पुढचं घ्या, किंवा तिसऱ्या दिवशीची सफारीच गाळा.

तारखा बदलायला घ्याल तेव्हा वार बघा. मंगळवारी कोअर बंद असतं.

---

जमाखर्च

आता सात जणांचा प्रश्न. मावतात का, हा मुद्दा नाही. मोटार वाहन कायद्यात 'मोटर कॅब' म्हणजे ड्रायव्हर सोडून जास्तीत जास्त सहा प्रवासी. सहाच्या वर बारापर्यंत असतील तर ती 'मॅक्सी कॅब'. आरसी बुकावर जी बैठक क्षमता लिहिलेली असते ती ड्रायव्हर धरून असते. आरसीवर ७ असेल तर प्रवासी सहाच. एर्टिगा सात आसनीच येते, त्यामुळे तिथे प्रश्न संपला. इनोव्हा क्रिस्टा सात आणि आठ अशा दोन्ही प्रकारांत आहे. आठवाली असेल तर कागदावर सात प्रवासी बसतात, पण मागची रांग उभी केली की डिकीत दोन लहान बॅगांपलीकडे काही राहत नाही. सात जणांचं दोन रात्रींचं सामान टपावर जाईल. मग कॅरियर आहे का, वर ताडपत्री आणि दोरी आहे का, हे विचारावं लागतं. तिसऱ्या रांगेत गुडघे छातीशी येतात आणि तिथे कोणाला तरी अडीच तास बसायचं आहे.

नऊ वर्षांची मुलगी अडीच तास मांडीवर हा विचार तर पूर्ण सोडा. तिला स्वतःची सीट आणि पट्टा हवा. अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल धरून ठेवणं कोणाच्याही हातात नसतं.

राहिले दोन मार्ग : बारा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर किंवा दोन गाड्या. ट्रॅव्हलरची पायरी उंच असते आणि मागच्या सीटला खड्डे जास्त लागतात. सासू-सासऱ्यांना पुढच्या रांगेत बसवलं आणि चढताना खाली एक स्टूल ठेवलं तर ठीक. मला दोन गाड्या बऱ्या वाटतात, एक एर्टिगा आणि एक सेडान. जिप्सीत पर्यटक सहाच बसतात, म्हणून तुमच्या जिप्सीही दोन आहेत. चार आणि तीन अशी वाटणी तिथे करायचीच आहे, तीच रस्त्यावरही चालेल. एक गाडी बिघडली तर ज्येष्ठांना दुसरीत बसवून पुढे काढता येतं, हा फायदा वेगळाच.

सीएनजी गाडी असेल तर आधी विचारा. सिलिंडर डिकीत बसवलेला असतो आणि निम्मी जागा तोच खातो. शिवाय नागपूर सोडल्यावर गॅस भरण्याची खात्री धरू नये. ड्रायव्हर रांगेत तासभर घालवेल किंवा पेट्रोलवर चालवून वाढीव पैसे मागेल. ठरवतानाच सांगायचं : पेट्रोल किंवा डिझेल गाडी, नाहीतर इंधन कुठलंही असो, दर तोच.

पैशांचा हिशेब असा. समजण्यापुरता दर किलोमीटरला १५ रुपये आणि भत्ता दिवसाला ५०० धरतो. तुमच्याकडच्या आकड्यांनी पुन्हा मांडा.

तीन दिवस गाडी ठेवली : ३ × ३०० = ९०० किमीचे १३,५०० आणि भत्त्याचे १,५००, म्हणजे १५,०००, वर टोल-पार्किंग. प्रत्यक्षात कोलाऱ्यालाच जाऊन-येऊन गाडी धावणार २२० किमी. मधला अख्खा दिवस ती झाडाखाली उभी.

फक्त सोडायला आणि आणायला : एका वेळेला गाडी रिकामी परतणार म्हणून जाऊन-येऊन २२० किमी, पण किमान ३०० लागू होतं, म्हणजे ४,५०० आणि भत्ता ५००. दोन वेळचे १०,०००. एका गाडीमागे पाच हजार वाचतात, दोन गाड्यांवर दहा.

जंगलात तुमची गाडी शिरत नाही, तिथे जिप्सी आणि गाईडच. प्रश्न उरतो मुक्काम ते गेट या तुकड्याचा. मुक्काम गेटला लागून असेल तर जिप्सी तिथूनच घेते किंवा रिसॉर्ट सोडतं. बुकिंग करतानाच विचारा आणि पैसे लागणार असतील तर आकडा घ्या. ही सोय असेल तर गाडी ठेवण्यात अर्थ नाही. पळसबन यांनी सांगितलेला दुसरा पर्याय, मोहर्लीला हलायचा, घेतला तरच तीन दिवस गाडी ठेवणं परवडतं. त्यात प्रत्यक्ष धाव साडेतीनशेच्या वर जाते आणि मधल्या दिवशीही ती लागते.

---

नंबरप्लेट

"घरची एर्टिगा" याचा अर्थ पांढरी पाटी. भाडं घेऊन प्रवासी नेणाऱ्या गाडीला परमिट लागतं आणि तिची पाटी पिवळी असते, काळी अक्षरं. पांढरीवर भाडं मारणं म्हणजे विनापरमिट वाहतूक. आरटीओने अडवलं तर मोटार वाहन कायद्याच्या १९२अ कलमाखाली दहा हजारांचा दंड आहे आणि गाडी जागीच अडकू शकते. दंड मालकाचा, पण तुम्ही उमरेडच्या पुढे रस्त्यात सामानासह उभे. त्याहून मोठी गोष्ट विम्याची. खासगी विमा काढलेली गाडी भाड्याने चालवली जात होती असं दिसलं की विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं.

तपासायला दोन मिनिटं लागतात. एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका. वाहन प्रकार मोटर कॅब किंवा मॅक्सी कॅब दिसला पाहिजे. मग फिटनेस (गाडी चालवण्यायोग्य असल्याचा दाखला), विमा, पीयूसी आणि परमिट यांच्या मुदती बघा, त्या तुमच्या प्रवासाच्या तारखेपुढे हव्यात. आज वैध असलेला विमा एप्रिलमध्ये संपलेला असू शकतो. म्हणून नंबर आधी मागायचा, आणि आदल्या दिवशी गाडी बदलून आली तर नवा नंबर पुन्हा तपासायचा.

काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असलेली गाडी म्हणजे स्वतः चालवायची भाड्याची. तीही कायदेशीर आहे. तुमच्यात दोघं चालवणारे असतील तर विचार करता येईल, पण पहाटे उठून सफारी करायची आणि त्याच दिवशी भर उन्हात तीन तास गाडी चालवून विमान पकडायचं, हे अवघड जातं.

---

प्राजक्ता_के

मोहर्ली सोडतेय, नवेगाव किंवा मदनापूर बघते. परतीचं विमान संध्याकाळचं मिळतंय. पहिल्या दिवशी सफारी नाही. दोन पिवळ्या पाटीच्या गाड्या, सोडायला आणि आणायला.

आणखी विचारायचं राहिलं : रस्ता कोणता सांगायचा? नकाशात दोन-तीन दिसतात. आणि ठरवताना ड्रायव्हरशी किंवा मालकाशी नेमकं काय बोलून घ्यायचं, म्हणजे नंतर वाद होणार नाही?

---

उमरेड_रोड

कोलाऱ्यासाठी नागपूर, उमरेड, भिसी, चिमूर, कोलारा. मोहर्लीसाठी बुटीबोरी, जाम, वरोरा, भद्रावती. नकाशात नुसतं 'ताडोबा' टाकू नका. ताडोबा तलाव कोअरच्या पोटात आहे, तिथली खूण धरली तर रस्ता भलत्याच गेटाकडे नेतो. 'कोलारा गेट' असं टाका आणि मुक्कामाच्या ठिकाणाकडून त्यांचं लोकेशन मागून ड्रायव्हरला आधीच पाठवा.

विमानतळ वर्धा रोडला आहे आणि तुमचा रस्ता उमरेड रोडचा. ड्रायव्हरला शहरातून न नेता आउटर रिंग रोडने उमरेड रोड गाठायला सांगा, दुपारच्या सिग्नलांतून सुटका होते. उमरेडला कोळशाच्या खाणी आहेत, त्या भागात ट्रक भरपूर, ओव्हरटेक करताना घाई करू देऊ नका. त्या पट्ट्यात उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे, म्हणजे ताडोबा यायच्या आधीच प्राणी रस्त्यावर येऊ शकतात. रानडुक्कर कळपाने आडवं येतं. रोही (नीलगाय) एकटा दिसला तरी त्याच्या मागे दुसरा असतो, पहिला गेला म्हणून लगेच वेग वाढवायचा नाही.

नकाशातली वेळ खासगी गाडीची असते. पिवळ्या पाटीच्या टॅक्सीला ८० किमीचा स्पीड गव्हर्नर असतो. ड्रायव्हर हळू चालवतोय म्हणून त्याच्यावर चिडू नका, गाडीच पुढे जात नाही. नकाशात दिसेल त्यात वीस-पंचवीस मिनिटं मिळवा. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचंच. बफरमधल्या रस्त्यांवर वनविभागाचे नाके आहेत आणि उशिरा आलेली गाडी अडवली जाऊ शकते. मुक्कामाच्या ठिकाणाला 'किती वाजेपर्यंत गाडी येऊ शकते' एवढं विचारून ठेवा.

रस्त्यात वाघ दिसला तर काच बंद, हॉर्न नाही, उतरायचं नाही. सावकाश पुढे काढायची किंवा लांब मागे थांबायचं. चार गाड्यांनी दोन्ही बाजूंनी घेरलं की त्याला रस्ता ओलांडता येत नाही. ही वाट आधी त्याची आहे. ड्रायव्हर नवखा असेल तर हे निघतानाच सांगा. पाहुण्यांना खूश करायला म्हणून तो गाडी जवळ नेतो.

चिमूर सोडलं की फोनची रेंज येते-जाते. यूपीआयवर विसंबू नका, रोख नागपूरलाच काढा. कोअरमध्ये मोबाईल न्यायला बंदी आहे, म्हणून परतीच्या दिवशी 'सफारीहून निघालो की फोन करते' हे चालणार नाही. वेळ आणि जागा आदल्या रात्रीच ठरवा : सकाळी साडेदहा, मुक्कामाच्या फाटकाशी.

---

जमाखर्च

बोलून घ्यायच्या गोष्टी फोनवर बोला, पण शेवटी एका मेसेजात लिहून पाठवा आणि समोरून 'ठीक आहे' असं उत्तर घ्या. वाद होतो तो बहुतेक वेळा न बोललेल्या तीन गोष्टींवरून : किलोमीटर कुठून मोजायचे, दिवस कधी बदलतो, आणि 'सगळं धरून' यात काय काय धरलं आहे. मसुदा साधारण असा ठेवा :

"तारीख अमुक, नागपूर विमानतळावरून दुपारी १२ वाजता. दोन गाड्या, पिवळी पाटी, एसी चालू. कोलारा गेटजवळ मुक्कामी सोडणे. रस्ता उमरेड-भिसी-चिमूर. प्रत्येक गाडीचे एकूण अमुक रुपये. यात इंधन, टोल, पार्किंग, ड्रायव्हर भत्ता, रिकामं परतणं आणि कर धरलेला आहे. विमान उशिरा आलं तर दोन तासांपर्यंत थांबण्याचे पैसे नाहीत, त्यापुढे तासाला अमुक. गाडी बिघडल्यास त्याच पैशांत दुसरी. आगाऊ अमुक, बाकी पोचल्यावर. गाड्यांचे नंबर आणि ड्रायव्हरचे फोन आदल्या संध्याकाळी सातपर्यंत."

परतीचा वेगळा मेसेज करा, त्यात तारीख आणि वेळ ठळक.

ठोक रकमेऐवजी किलोमीटरवर ठरवलंत तर 'गॅरेज टू गॅरेज' हे शब्द कानावर येतील. म्हणजे मीटर तुमच्यापासून नाही, गाडी जिथून निघते तिथपासून सुरू. विमानतळावरून घेताना त्यात वीस-तीस किलोमीटर सहज जोडले जातात. ते मान्य असलं तरी बसताना मीटरचा फोटो काढा, उतरताना दुसरा. दिवस मध्यरात्री बदलतो की चोवीस तासांनी, हेही विचारा. टोल फास्टॅगमधून जातो, त्यामुळे वेगळा द्यायचा असेल तर कपातीचा मेसेज बघून द्या, अंदाजाने नको.

आगाऊ रक्कम थोडीच द्या. पूर्ण पैसे आधी घेतलेला माणूस आयत्या वेळी जास्तीचं भाडं मिळालं तर तुमची गाडी तिकडे वळवू शकतो.

---

पळसबन

ड्रायव्हरबद्दल थोडं, कारण सगळे गाडीबद्दल विचारतात. आणायला येणारा ड्रायव्हर सकाळी साडेदहाला हवा म्हणजे तो नागपूरहून सातला निघणार. आदल्या रात्री तो कुठलं भाडं मारून किती वाजता परतला, हे मालकाला सरळ विचारा. 'रात्रीची ट्रिप केलेला ड्रायव्हर नको' एवढं वाक्य मेसेजात घाला. दुपारी बारा ते तीन, जेवणानंतर, सरळ रस्ता आणि चाळिशीच्या पुढचं ऊन, यातच डुलकी लागते. पुढच्या सीटवर तुमच्यातलं जो जागा राहील त्याला बसवा. ड्रायव्हर सारखी मान चोळायला लागला किंवा खिडकी उघडू लागला की चहाला थांबवायचं, दहा मिनिटं तोंड धुऊ द्यायचं.

पोचल्यावर त्याला जेवण आणि तासभर सावली मिळेल का हे रिसॉर्टला विचारून ठेवा. लगेच उलटा फिरवला तर तो थकल्या डोळ्यांनी संध्याकाळी त्याच जंगलाच्या रस्त्याने जाणार. पुढे कधी गाडी मुक्कामी ठेवलीत तर ड्रायव्हरच्या झोपायची सोय आहे का, आणि तिचे पैसे कोण देणार, हे आधी ठरवा. सोय नसेल तर तो गाडीतच झोपतो, आणि तिथल्या एप्रिलच्या रात्री गाडीत झोप लागत नाही.

गाडी समोर आल्यावर सामान चढवायच्या आधी टायरची नक्षी बघा, स्टेपनीत हवा आहे का ते दाबून बघा, जॅक-पाना दाखवायला सांगा. उन्हाळ्यात झिजलेला टायर फुटायची भीती जास्त. मागच्या सीटचे पट्टे गादीखाली दडपलेले असतात, ते तिथेच बाहेर काढून घ्या. एसी मागच्या रांगेपर्यंत पोचतो का ते इंजिन चालू करून पाच मिनिटं बघा. काही खटकलं तर विमानतळावरच गाडी बदलून मागा. नागपुरात तासाभरात दुसरी मिळते, चिमूरच्या पुढे नाही.

---

प्राजक्ता_के

मदनापूर मिळालं, तिसऱ्या दिवशी सकाळचं. रिसॉर्ट दोन्ही सकाळी गेटपर्यंत सोडणार आहे, पैसे वेगळे, आकडा लिहून घेतला. एका गाडीवाल्याने नंबर पाठवला तर वाहन प्रकारात मोटर कॅब दिसतंय, पण फिटनेस ३१ मार्चला संपतोय. काय करावं?

---

नंबरप्लेट

नूतनीकरण करून नवी तारीख दाखवायला सांगा, पाच एप्रिलपर्यंतची मुदत द्या. तोवर आगाऊ रक्कम देऊ नका आणि दुसरी एक गाडी बोलून ठेवा. फिटनेस संपलेली गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे नोंदणीच वैध नसलेली गाडी आणणं. "कोणी बघत नाही" असं उत्तर आलं तर तिथेच सोडा.